मागे राहिलेलं पिल्लू

2021 पर्यंत आपल्या गोरेगावकडे रानहत्ती ही फक्त ऐकायची गोष्ट होती. त्या वर्षी ऑक्टोबरात छत्तीसगडमधून एक कळप गडचिरोलीत उतरला आणि पुढच्या वर्षी, धान उभं असताना, आपल्याच गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात शिरला. बांध्या तुडवल्या गेल्या, माणूस दगावला. लोकांचा राग खोटा नव्हता. पण कळपात पिल्लंही होती, आणि तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. यातलं एखादं मागे राहिलं तर?

आसामात हे नेहमीचंच. तिथं काझीरंगाजवळ 2002 पासून वन्यप्राण्यांचं बचाव व पुनर्वसन केंद्र चालतं. पुरात वाहून आलेली, चहामळ्यांच्या चरांत पडलेली पिल्लं तिथं येतात. पहिली धडपड असते ती पिल्लाला आईजवळ पोचवायची. ते जमलं नाही, तरच बाटली हातात घ्यायची.

आणि बाटली सोपी नसते. गाईचं दूध हत्तीच्या पिल्लाला पचत नाही. हगवण लागते आणि पिल्लू हातचं जातं. केनियात डॅफ्नी शेल्ड्रिक यांनी कितीतरी वर्षं खपून, तान्ह्या बाळांच्या दुधाच्या भुकटीत खोबरेल तेल घालून, पचेल असं दूध बसवलं. नैरोबीच्या त्यांच्या अनाथालयात दर तीन तासांनी बाटली असते, रात्रीसुद्धा. समोर एक घोंगडी टांगतात. पिल्लू सोंड तिला टेकवतं, जशी आईच्या पोटाला टेकवली असती तशी, आणि मग दूध ओढतं. सांभाळणारा माणूस रात्री त्याच्याशेजारीच झोपतो. पण रोज एकच माणूस नाही. सुरुवातीच्या काळात आइशा नावाच्या पिल्लाला डॅफ्नीबाईंचा एवढा लळा लागला होता, की त्या काही दिवस बाहेर गेल्या तेव्हा त्यानं खाणंपिणं सोडलं आणि जीव सोडला. तेव्हापासून माणसं आळीपाळीनं बदलतात.

मला वाटतं, या कामातलं सगळ्यात अवघड तेच आहे: जीव लावायचा, पण आपल्यात अडकवायचं नाही. कारण शेवटी त्याला कळप हवा. केनियातल्या त्साव्होच्या जंगलात आधी वाढून रानात गेलेले हत्ती नव्या पिल्लांना सामावून घेतात. आसामातली पिल्लं गटागटानं मानसच्या जंगलात नेतात; सोबत त्यांची माणसं जातात आणि हळूहळू मागं सरतात. हे महिन्यांचं नव्हे, वर्षांचं काम.

आपल्या राज्यातही हत्ती कळणारी माणसं आहेत. गडचिरोलीत कमलापूरला वनविभागाचा हत्ती कॅम्प आहे. तिथले माहूत आणि चाराकटर थंडीत हत्तींच्या पायांना वनौषधींचा गरम लेप देतात, त्याला ते ‘चोपिंग’ म्हणतात. रानातलं अनाथ पिल्लू सांभाळायची वेळ आली, तर आधी याच माणसांना विचारावं लागेल.

तोवर आपल्या हातात एवढं आहे. बांधीत, नाल्यात एकटं पिल्लू दिसलं तर गर्दी करू नका, फोटोसाठी जवळ जाऊ नका, दूध-केळी देऊ नका, हात तर लावूच नका. आई बहुतेक जवळच असते आणि अंधार पडला की परत येते. लांब व्हा, आणि वनविभागाच्या 1926 या नंबरवर फोन करा.