नभोवाणीवरील बक्षीस आणि आपले घर

नशिबाची परीक्षा पाहण्याची हौस मनुष्याच्या स्वभावातच आहे. नभोवाणीने ती हौस घराघरांत आणून पोहोचविली. निवेदक प्रश्न विचारतो, फोनचा क्रमांक सांगतो आणि अचूक उत्तर देणाऱ्यास बक्षीस जाहीर करतो. लगेच मुलगा फोनकडे धावतो, आई उत्तर सुचविते आणि आजोबा तिची चूक काढतात. अशा खेळात कुटुंबाने भाग घ्यावा काय, आणि घेतल्यास कोणती मर्यादा पाळावी, याचा थोडा विचार येथे करू.

प्रथम या स्पर्धांचा इतिहास पाहावा. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना आळा बसला व श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमीन सायानी यांची ‘बिनाका गीतमाला’ तेथून सुरू झाली. आरंभी ती एक स्पर्धाच होती. सात गीते वाजवीत, श्रोत्यांनी ती योग्य क्रमाने लावून पत्राने कळवावयाची, आणि बक्षीस शंभर रुपयांचे. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली. पुढे आठवड्याची पत्रे पासष्ट हजारांवर गेली आणि ती वाचणेच अशक्य झाले. तेव्हा १९५४ च्या अखेरीस स्पर्धा बंद करून लोकप्रिय गीतांची क्रमवारी सुरू करण्यात आली.

आता थोडे गणित करू. एका पत्रामागे एक आणा खर्च धरला, तरी पासष्ट हजार पत्रांचे चार हजारांहून अधिक रुपये होतात. शंभर रुपयांच्या बक्षिसापायी श्रोत्यांच्या खिशातून मिळून एवढी रक्कम जात होती! एका घराला एक आणा जड नव्हता. पण बक्षीस हाती येण्याचा संभव किती थोडा होता, हे यावरून कळते. आज पत्राची जागा फोनने घेतली आहे, गणित मात्र तेच आहे. हजारो माणसे एकाच क्षणी एकच क्रमांक फिरवितात आणि तारा मोजक्याच असतात. उत्तर येत असूनही बहुतेकांच्या वाट्याला ‘लाइन व्यस्त आहे’ एवढेच येते.

जोयडा तालुक्यातील अणशीसारख्या गावी आणखी एक अडचण आहे. रेडिओ सिलोनच्या लघुलहरी आकाशातील उंच थरावरून परतून खाली येत, म्हणून डोंगरांआडच्या गावांतही त्या ऐकू येत. आजच्या एफ. एम. व मोबाईलच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. काळी नदीच्या खोऱ्यातील डोंगर त्यांना अडवितात. मग मुलांना वाटते की, वरच्या टेकाडावर गेले तर फोन लागेल. आईबापांनी येथे सावध राहावे. अणशीचे रान १९८७ साली राष्ट्रीय उद्यान झाले, २००७ साली व्याघ्रप्रकल्पात आले, आणि २०१५ पासून तो प्रकल्प ‘काळी’ या नावाने ओळखला जातो. हे वाघाबिबट्यांचे व अस्वलांचे रान आहे. कोणत्याही बक्षिसासाठी तिन्हीसांजेनंतर लेकराला त्या वाटेने पाठवू नये. गेलेली संधी पुन्हा येईल.

ज्ञान आणि नशीब यांतील भेद कायद्यानेही मानला आहे. शब्दकोड्यांच्या स्पर्धांचा सुळसुळाट झाला, तेव्हा १९५५ साली संसदेने बक्षीस-स्पर्धांचा कायदा केला आणि महिन्याला एक हजार रुपयांहून अधिक बक्षिसे देणाऱ्या स्पर्धांना मनाई केली. १९५७ साली मुंबईच्या चमारबागवाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, हे निर्बंध नशिबावर चालणाऱ्या स्पर्धांना आहेत. ज्यांत मुख्यत्वे कौशल्य लागते त्यांना नाहीत. हीच कसोटी घरातही लावावी. मुलगा उत्तरासाठी नकाशा किंवा शब्दकोश उघडीत असेल, तर त्याला अडवू नये. बक्षीस नाही मिळाले, तरी वाचलेले त्याचेच राहते. नुसता आकडा फिरवून दैवाची वाट पाहत बसत असेल, तर त्याला वेळीच आवरावे.

सर्वांत मोठा धोका मात्र उलट दिशेने येतो. आपण स्पर्धेत भागही घेतलेला नसतो, आणि एके दिवशी फोन येतो, ‘तुम्हाला पंचवीस लाखांचे बक्षीस लागले आहे, कर म्हणून आधी काही हजार भरा.’ ‘कौन बनेगा करोडपती’च्या नावाने असे संदेश पाठवून ठगांनी अनेकांना लुबाडले आहे. दहा हजारांवरील रोख बक्षिसावर तीस टक्के कर असतो खरा. परंतु तो बक्षीस देणाराच रकमेतून कापून सरकारात भरतो. आधी पैसे मागणारा ठगच समजावा. त्याला बँकेचा क्रमांक वा फोनवर आलेला गुप्त अंक सांगू नये. फसगत झालीच, तर लाजेने गप्प न बसता तत्काळ १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावे; जितकी घाई, तितकी पैसे वाचण्याची आशा अधिक.

झारखंडमधील झुमरी तिलैया हे अभ्रकाच्या खाणींचे गाव. आवडत्या गीतासाठी तेथील रहिवासी इतकी पत्रे धाडीत, की गावाचे नाव देशभर झाले. त्यांना मिळत होते काय? आपले नाव नभोवाणीवर ऐकण्याचा आनंद, बस्स! खेळ त्याच वृत्तीने खेळावा. महिन्याचा खर्च आधी ठरवावा, धान्याच्या व शाळेच्या पैशाला हात लावू नये, आणि उत्तर सर्वांनी मिळून शोधावे. मग बक्षीस येवो वा न येवो, संध्याकाळ वाया गेली असे कोणी म्हणणार नाही.