चेक बँकेनेच चुकीने परत केला तर?

जूनमध्ये मुलाच्या फीचा चेक दिला. खात्यात पैसे होते, तरी तो 'अपुरी शिल्लक' म्हणून परत आला. चेक बाउन्स म्हणजे देणाराच लबाड, असं आपण धरून चालतो. पण भरलेली रक्कम बँकेनेच दुसऱ्याच्या खात्यात टाकली असेल तर?

परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ मधलं कलम ३१ यासाठीच आहे. खात्यात चेकपुरती रक्कम असेल आणि ती त्या चेकसाठी वापरता येण्याजोगी असेल, तर बँकेने चेक वटवलाच पाहिजे. नाही वटवला तर झालेलं नुकसान भरून द्यायचं. गोम अशी, की ही भरपाई चेक लिहिणाऱ्या खातेदाराला मिळते, ज्याच्या नावाने चेक आहे त्याला नाही. (बारावीची मुलं इथे हमखास चुकतात.) बँकेशी करार तुमचा आहे, शाळेचा नाही.

'वापरता येण्याजोगी' हे शब्द पुणेकरांना नीट कळतील. २०१३ मध्ये रुपी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, तेव्हा पासबुकात शिल्लक दिसायची, पण मनासारखी काढता येत नव्हती. ती मनाई वरून आलेली होती, शाखेची चूक नव्हती. २०२२ मध्ये त्या बँकेचा परवानाच गेला.

चूक शाखेचीच असेल तर रिटर्न मेमो आणि त्या दिवसाचं स्टेटमेंट जपून ठेवा. शाखेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्याच. तोंडी बोलण्याला पुढे काही किंमत नसते. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तक्रार ऑनलाइन करता येते, फी नाही, चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. दुसरी वाट जिल्हा ग्राहक आयोगाची, तिथे मुदत दोन वर्षांची. एकाच तक्रारीसाठी दोन्ही दारं एकदम ठोठावू नका.

भरपाई किती? मार्झेटी विरुद्ध विल्यम्स या १८३० च्या इंग्लंडमधल्या खटल्यात प्रत्यक्ष तोटा सिद्ध न करताही व्यापाऱ्याचा दावा मान्य झाला. व्यापाऱ्याच्या बाबतीत तर चेक जितका लहान, तितकी पत जास्त जाते, असं मानतात. आपल्यासारख्या पगारदारांना मात्र नुकसान कागदावर दाखवावं लागतं: लेट फी, दंड, हुकलेला प्रवेश.

आणि चेक घेणाऱ्याने कलम १३८ ची नोटीस पाठवली, तर बँकेशी भांडण चालू असलं तरी १५ दिवसांत त्याचे पैसे देऊन टाका. सोबत बँकेचं चूक कबूल करणारं पत्र मिळालं तर उत्तमच.