मालमत्तेची अट गेली, रंगाची आली

अमेरिकन लोकशाहीविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. काहीजण त्या देशाला लोकशाहीचे माहेरघर मानतात. काहीजण गुलामांच्या घामावर उभे राहिलेले ढोंग म्हणून तिला निकालात काढतात. मला दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात. पहिल्या साठ-सत्तर वर्षांत त्या लोकशाहीचे स्वरूप सतत बदलत होते. ते नेमके कसे बदलले, हे समजून घेणे परिवर्तनाच्या चळवळीतील कार्यकर्त्याला अधिक उपयोगाचे आहे.

1787 साली फिलाडेल्फियात संविधान तयार झाले, तेव्हा त्याच्या कर्त्यांना लोकशाही हा शब्द फारसा प्रिय नव्हता. त्यांना गणराज्य हवे होते. मत कोणाला, हा प्रश्न त्यांनी त्या त्या राज्यावर सोपवला. बहुतेक राज्यांत जमीन असणाऱ्याला किंवा कर भरणाऱ्यालाच मत होते. त्यामागचा युक्तिवाद असा, की ज्याची भाकरी दुसऱ्याच्या हातात, त्याचे मतही दुसऱ्याच्याच हातात. 1790 च्या जनगणनेत सुमारे 39 लाख लोकसंख्येपैकी जवळजवळ 7 लाख माणसे गुलाम होती. संविधानात गुलाम हा शब्द नव्हता, पण गुलामी होती. प्रतिनिधिगृहाच्या जागा ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असा हिशेब धरला गेला. गुलामाला मत नव्हते. त्याच्या डोक्याच्या मोजणीने मालकाच्या राज्याचे वजन मात्र वाढत होते.

या मालमत्तेच्या भिंतीला एक फट होती. मालमत्ता हीच कसोटी असेल, तर ती ज्याच्यापाशी आहे त्याला अडवायचे कसे? न्यू जर्सीच्या 1776 च्या संविधानाने 50 पौंडांची मालमत्ता असलेल्या सर्व रहिवाशांना मत दिले. त्यामुळे तेथे अविवाहित स्त्रिया, विधवा आणि काही स्वतंत्र कृष्णवर्णीय मतदान करत. विवाहितेची मालमत्ता कायद्याने नवऱ्याची, म्हणून ती बाहेर राहिली. 1807 साली ही फट बुजवण्यात आली. मत फक्त गोऱ्या, करदात्या पुरुषाला उरले.

पुढे गरीब गोऱ्यांनी मालमत्तेच्या अटीविरुद्ध आवाज उठवला. लढाईत रक्त सांडायचे आम्ही आणि मत फक्त जमीनदाराचे, हा त्यांचा प्रश्न न्याय्यच होता. पक्षांनाही नवे मतदार हवे होते. न्यू यॉर्क राज्याची संविधान परिषद 1821 साली भरली. तिने गोऱ्या पुरुषाला कर, लष्करी सेवा किंवा रस्त्याचे काम एवढ्यावर मत दिले. कृष्णवर्णीय पुरुषाला मात्र 250 डॉलरची जमीन आणि तीन वर्षांचे वास्तव्य अशी अट घातली. एकाच परिषदेने एका हाताने दार उघडले आणि दुसऱ्या हाताने लावून घेतले. 1826 साली गोऱ्यांवरील उरलेली अटही गेली. काळ्यांची 250 डॉलरची अट तशीच राहिली.

हे एका राज्यापुरते घडले नाही. टेनेसीने 1834 साली, नॉर्थ कॅरोलिनाने 1835 साली स्वतंत्र काळ्यांचे मत काढून घेतले. पेनसिल्व्हेनियाने 1838 साली मतदाराच्या व्याख्येत ‘गोरा’ हा एक शब्द घातला. त्याविरुद्ध रॉबर्ट पर्व्हिस यांनी चाळीस हजार नागरिकांच्या वतीने आवाहन प्रसिद्ध केले. ते ऐकले गेले नाही. 1860 पर्यंत काळ्या पुरुषांना गोऱ्यांच्या बरोबरीने मत देणारी राज्ये अवघी पाच होती.

असे का झाले? माझ्या मते, माणूस असणे हीच मताची पात्रता ठरली, त्या क्षणी माणूस कोणाला म्हणायचे हा प्रश्न समोर आला. मालमत्ता मिळवता येते, गमावताही येते. जन्म बदलता येत नाही. गरीब गोऱ्याला जमीनदाराच्या बरोबरीने बसवण्यासाठी व्यवस्थेने त्याच्या पायाखाली कायमचा कोणीतरी ठेवला. आर्थिक उतरंड झाकण्यासाठी जन्माची उतरंड पक्की केली. ही युक्ती आपल्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

1828 साली अँड्र्यू जॅक्सन सामान्य माणसाचा नेता म्हणून अध्यक्ष झाला. तो स्वतः गुलामांचा मालक होता. 1830 साली त्याच्या पुढाकाराने मूलनिवासी जमातींना मिसिसिपी नदीपलीकडे घालवण्याचा कायदा झाला. प्रतिनिधिगृहात तो 102 विरुद्ध 97 मतांनी मंजूर झाला. 1838-39 च्या सक्तीच्या स्थलांतरात चेरोकी जमातीची हजारो माणसे मेली. या सभागृहामागचा मतदार पूर्वीपेक्षा कितीतरी व्यापक होता, हे विसरता येत नाही.

ऱ्होड आयलंडची घटना तर अधिकच बोलकी आहे. तेथे 1663 च्या सनदेखाली जमीनदारांचेच राज्य चालू होते. थॉमस डॉर यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी स्वतःचे संविधान लिहिले, 1842 साली बंड केले. पण त्या संविधानात मत फक्त गोऱ्यांना होते. डॉर स्वतः काळ्यांना मत द्यावे या मताचे होते. त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मानले नाही. परिणामी काळे नागरिक जुन्या सरकारच्या बाजूने उभे राहिले आणि नव्या संविधानात त्यांना मत मिळाले. बाहेरून आलेल्या नागरिकांवर जमिनीची अट मात्र कायम राहिली. काळ्यांनी परिवर्तनाशी द्रोह केला, असे कोणी म्हणेल. मी तसे म्हणणार नाही. ज्या क्रांतीत आपले नाव वगळलेले आहे, ती आपली म्हणून खांद्यावर घ्या, असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

जोतीराव फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामी नष्ट करण्यासाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांना. 1870 च्या पंधराव्या दुरुस्तीने तेथे वर्णावरून मत नाकारण्यास बंदी केली; तरी दक्षिणेत ती खऱ्या अर्थाने अमलात येण्यास 1965 चा कायदा यावा लागला. न्यू यॉर्कमध्ये शिकलेल्या बाबासाहेबांनी 1928 साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मतदानाची मागणी केली, आणि 1949 साली संविधान सभेत बजावले, की सामाजिक लोकशाहीचा पाया नसेल तर राजकीय लोकशाही टिकणार नाही. आपल्या संविधानाच्या 326 व्या अनुच्छेदाने मताला मालमत्तेची वा जन्माची अट ठेवली नाही. पण अमेरिकेचा इतिहास सांगतो, की मिळालेले मत कायदेशीर मार्गाने, बहुमताने, लोकशाहीच्याच नावाने काढूनही घेता येते. म्हणून ‘सामान्य माणूस’ हा शब्द कानावर आला, की त्यात कोणाला धरले आहे आणि कोणाला वगळले आहे, हे आपण प्रत्येक वेळी विचारले पाहिजे.