एपिसोड ४७: आरव्हीची काळी टाकी, हार्पिक आणि आईचा मग

लोकलमध्ये रेंज जाते, हेडफोन घरी राहतात, म्हणून प्रत्येक एपिसोड इथे लिहूनही टाकतो. बोलताना आलेलं 'अं...' आणि 'म्हणजे बघा ना...' यातलं निम्मं कापलंय. निम्मं राहिलंय, चालवून घ्या.

आजचा विषय जेवताना वाचू नका, आधीच सांगतो.

डेन्व्हरच्या एका श्रोतीचा व्हॉइस मेसेज आला होता. तिचे आई-बाबा साताऱ्याहून दोन महिन्यांसाठी येतायत आणि सगळे मिळून आठ दिवस आरव्ही भाड्याने घेऊन यलोस्टोनला जाणार आहेत. आरव्ही म्हणजे आतमध्ये बेड, किचन, संडास-बाथरूम असलेली चाकांवरची खोली. तिचा प्रश्न साधा होता : 'गाडी मी चालवीन रे, त्याचं टेन्शन नाही. पण ती संडासाची टाकी रिकामी कशी करायची आणि त्यात ओतायचं काय? आई म्हणते हार्पिक घेऊन येऊ का?'

आईंना सांग, हार्पिक साताऱ्यातच राहू दे. का, ते सांगतो.

आरव्हीच्या पोटात तीन टाक्या असतात. एक फ्रेश टँक, म्हणजे वापरायचं चांगलं पाणी. दुसरी ग्रे टँक, त्यात सिंक आणि शॉवरचं पाणी जातं. तिसरी ब्लॅक टँक, तिथे काय जातं ते कळलंच असेल. भाड्याच्या मध्यम गाडीत ब्लॅक टँक साधारण ३० ते ४० गॅलनची, म्हणजे ११५ ते १५० लिटरची असते. घरातल्या सिंटेक्सच्या मानाने खेळणंच. हिशोब करा. चार माणसं, प्रत्येकाच्या दिवसाला पाच फेऱ्या, फ्लश आणि धुण्याचं मिळून एका फेरीला अडीच लिटर. झाले ५० लिटर. लहान टाकी दोन दिवसांत भरली. आणि यलोस्टोनच्या आत वीज-पाणी-ड्रेनेजची थेट जोडणी मिळणारा कॅम्पग्राउंड एकच, फिशिंग ब्रिज. बाकीच्या ठिकाणी राहिलात तर टाकीत आहे तेवढ्यात भागवायचं आणि मग डंप स्टेशन गाठायचं.

आता एक गंमत. अमेरिकन लोकांचे आरव्हीचे निम्मे प्रॉब्लेम टॉयलेट पेपरचे असतात. कागद विरघळत नाही, गोळा होतो, पाइप तुंबतो. आपण पाणी वापरणारी माणसं. मग घेऊन जाणारी आई या टाकीची सगळ्यात चांगली युजर आहे! कारण ब्लॅक टँकला पाणीच हवं असतं. पाणी कमी असलं की घट्ट पदार्थ तळाला बसतो, सुकतो आणि सिमेंट होतो. तेव्हा आई-बाबांना 'पाणी जपून' असं फार दटावू नका. टाकी लवकर भरेल, चालेल. भरलेली टाकी रिकामी करता येते, सुकलेली येत नाही. घरातलं कुणी कागद वापरत असेल तर एक टेस्ट : काचेच्या बरणीत पाणी घ्या, दोन-तीन तुकडे टाका, जोरात हलवा. लगदा झाला तर तो ब्रँड चालेल. ओले वाइप्स मात्र पाकिटावर 'फ्लशेबल' लिहिलं असलं तरी नाही म्हणजे नाही. ते कचऱ्यात.

सगळ्यात जास्त लोक कुठे फसतात सांगू? कॅम्पग्राउंडवर ड्रेनेजची जोडणी मिळाली की वाटतं, चला, व्हॉल्व्ह उघडाच ठेवू, आपोआप वाहून जाईल. लॉजिक बरोबर वाटतं, पण रिझल्ट उलटा येतो. पातळ सगळं वाहून जातं आणि घट्ट तिथेच राहतं, संडासाच्या बरोबर खाली ढीग चढत जातो. आरव्हीवाल्यांनी त्याला 'पिरॅमिड' नाव दिलंय. म्हणून ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह कायम बंद. टाकी निदान दोन तृतीयांश भरली की एकदम उघडायचा, म्हणजे पाण्याच्या जोराने सगळं खेचून बाहेर पडतं.

डंप करताना हातात डिस्पोजेबल ग्लोव्हज. आधी दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत हे डोळ्यांनी बघा, मगच बाहेरची कॅप काढा. हा क्रम चुकला तर पुढचं वर्णन मी करत नाही. जाड होजचं एक टोक गाडीला फिरवून घट्ट बसवायचं, दुसरं टोक जमिनीतल्या भोकात, आणि ते उसळू नये म्हणून वर दगड किंवा जोडाचा तुकडा. आता आधी ब्लॅक. आवाज थांबेपर्यंत थांबा, बंद करा. मग ग्रे. साबणाचं पाणी त्याच होजमधून जातं आणि होज आतून धुऊन निघतो. उलटं केलंत तर धुतलेल्या पाइपातून शेवटी काय जाईल, तुम्हीच विचार करा.

धुवायला तिथे नळ असतो, पण तो बहुतेक वेळा पिण्याच्या पाण्याचा नसतो, तशी पाटी असते. लोकांनी त्यात काय-काय बुडवलेलं असतं देव जाणे. तुमचा पिण्याच्या पाण्याचा पांढरा किंवा निळा पाइप त्याला चुकूनही लावू नका, आणि तो ड्रेनेजच्या होजबरोबर एकाच कप्प्यात ठेवू नका. शेवटचं काम : रिकाम्या ब्लॅक टँकमध्ये आठ-दहा लिटर पाणी परत सोडायचं. कोरडी टाकी घेऊन निघायचं नाही.

आता हार्पिक. किंवा एकूणच, टाकीत काय ओतायचं.

आपल्या ट्रेनमधले बायो-टॉयलेट आठवा. डीआरडीओने विकसित केलेल्या त्या टाकीत जिवाणू मैला खाऊन त्याचं पाणी आणि वायू करतात. आरव्हीच्या टाकीचं प्रकरण तेवढं पुढारलेलं नाही, पण तत्त्व जवळचं आहे. दुकानात जी 'टँक ट्रीटमेंट' मिळते ती ढोबळमानाने दोन जातींची. एक जात जिवाणू आणि एन्झाइमची, म्हणजे कामगार आत सोडायचे. दुसरी जात मारून टाकणाऱ्यांची. फॉर्मल्डिहाइडसारखी रसायनं टाकली की जिवाणू मरतात, वास थांबतो. पण मग तो माल कॅम्पग्राउंडच्या सेप्टिक टँकमध्ये जातो आणि तिथले जिवाणूही मारतो. म्हणूनच बऱ्याच ठिकाणी 'फॉर्मल्डिहाइड टाकू नका' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. मी असतो तर पहिली जात घेतली असती. लेबलवर फॉर्मल्डिहाइड दिसलं की बाटली परत रॅकवर.

तिसरा एक हुशार प्रकार आहे नायट्रेटचा. सडक्या अंड्याचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. ऑक्सिजन नसलेल्या जागी काही जिवाणू सल्फेटवर जगतात आणि हा वायू सोडतात. आत नायट्रेट टाकलं की जिवाणूंना सल्फेटपेक्षा सोपा पर्याय मिळतो, ते तो वापरतात आणि तो वायू तयारच होत नाही. बग दाबून ठेवण्यापेक्षा बग येणारच नाही असं डिझाइन. इंजिनिअर म्हणून मला हे फार आवडलं.

हार्पिकमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. घरच्या सिरॅमिकला ठीक. आरव्हीत पॉट बऱ्याचदा प्लास्टिकचा, त्याखाली रबरी सील, आणि टाकीत तुम्ही पैसे देऊन सोडलेले जिवाणू. पण खरी भीती वेगळी आहे. कुणीतरी वासासाठी ब्लीच ओतलं आणि दुसऱ्याने ॲसिडचा क्लीनर, तर क्लोरीन वायू तयार होतो. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले तर क्लोरामाइन, आणि जुन्या लघवीत अमोनिया असतोच. दोन्ही वायू फुप्फुसाला जाळतात. आणि हे सगळं कुठे? जिथे चार माणसं दारं-खिडक्या लावून झोपतात त्या डब्यात. त्यामुळे ब्लॅक टँकमध्ये ब्लीच नाही, ॲसिड नाही. अमेरिकेतले टॉयलेट क्लीनरही काही ब्लीचवाले, काही ॲसिडवाले असतात, दिसायला सारखेच. कुणी नकळत मिसळलं आणि डोळे-घसा चुरचुरायला लागला, तर आधी सगळे बाहेर, मोकळ्या हवेत. श्वासाला त्रास होत असेल तर सरळ ९११. नुसता सल्ला हवा असेल तर अमेरिकेतली पॉयझन हेल्पलाइन : १-८००-२२२-१२२२.

मग पॉट घासायचा कशाने? भांड्याचा सौम्य साबण आणि मऊ ब्रश. एवढंच. सील कोरडं पडलं तर सिलिकॉनचं ग्रीस, व्हॅसलीन नाही, कारण पेट्रोलियममुळे रबर फुगून खराब होऊ शकतं. पॉटमध्ये तळाशी थोडं पाणी उभं ठेवा, ते वास अडवतं. आणि फ्लश करायच्या आधी छताचा पंखा बंद करा. पंखा गाडीतली हवा बाहेर फेकतो, तेवढ्यात तुम्ही झडप उघडली की टाकीतली हवा वर खेचली जाते. 'वास येतो म्हणून पंखा लावला आणि वास वाढला' ही तक्रार तिथून येते.

ब्लीचची जागा एकच : फ्रेश टँक. गाडी बरेच दिवस उभी असेल तर १५ गॅलनला पाव कप साधं, सुगंध नसलेलं ब्लीच पाण्यात मिसळून भरायचं, सगळे नळ वास येईपर्यंत सोडायचे, रात्रभर ठेवायचं आणि मग वास जाईपर्यंत चांगल्या पाण्याने काढायचं. भाड्याच्या गाडीत हे मालकाने केलंय का, विचारून घ्या. लाजू नका.

ग्रे टँकला सगळे सोपी समजतात. पण आपला स्वयंपाक आठवा. फोडणीचं तेल, तूप, आमटीचा तळ, भाताची शितं, चहाचा चोथा. हे सगळं सिंकमधून गेलं की तीन दिवसांत ग्रे टँक ब्लॅकपेक्षा घाण मारते. कढई आधी कागदाने पुसायची, मग धुवायची. सिंकला बारीक जाळी. चहा गाळून चोथा कचऱ्यात. बस.

आणि भिंतीवरचं ते लाइटचं पॅनल, जे टाकी किती भरली ते दाखवतं? त्यावर फार विश्वास नको. टाकीच्या भिंतीत धातूचे खिळे असतात, पाणी पोहोचलं की करंट जातो आणि लाइट लागतो. खिळ्यावर कागद किंवा चिकटा बसला की रिकामी टाकीही 'फुल' दाखवते. टाकी अर्धी भरून, थोडा भांड्याचा साबण टाकून तीस-चाळीस मैल चालवा, पाणी आत हिंदकळतं, मग डंप करा. बऱ्याचदा सुटतं. यूट्यूबवर बर्फाचे खडे टाकायला सांगतात, पण बर्फ तरंगतो आणि वितळतो, तळ काय घासणार! सगळ्यात भरवशाचा सेन्सर म्हणजे फ्रिजवर चिकटवलेला कागद आणि किती फेऱ्या झाल्या त्याच्या रेघा. हे काम बाबांकडे द्या, आवडेल त्यांना.

आपल्याकडे २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय. महाराष्ट्रात कॅरॅव्हॅन बुक करत असाल तर आधी एवढंच विचारा : टाकी कुठे आणि कोण रिकामी करणार? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी बघा.

डेन्व्हरवाल्या ताई, ट्रिप झाली की व्हॉइस मेसेज टाक. विशेषतः बाबांच्या रेघा किती झाल्या ते कळव.