काळ्या शाईखालचा अंतरा

दांडिया बाजारातील आमच्या घरात वडिलांची एक पत्र्याची पेटी आहे. तीत तंबोऱ्याच्या जुन्या तारा, दरबारच्या बिदागीच्या काही पावत्या आणि पत्रांचा एक गठ्ठा आहे. दसऱ्याला सरस्वतीपूजनाच्या वेळी ती उघडावयाची, पत्रांना थोडे ऊन दाखवावयाचे आणि पुन्हा बांधून ठेवावयाची, असा आमचा रिवाज. त्या गठ्ठ्यात १९४३ सालचे एक पत्र आहे. ते हाती आले की माझा हात थांबतो.

वडील तेव्हा अठरा वर्षांचे होते; कलावंत कारखान्यात नुकतेच चाकरीस लागलेले. (मी त्यांच्या उतारवयातला मुलगा.) थोरले काका रसद खात्यात कारकून म्हणून फौजेबरोबर बसऱ्याला गेले होते. आजोबांनी त्या पावसाळ्यात मुलतानीत एक बंदिश बांधली. काका गाणारे, म्हणून आजोबांनी ती स्वरलिपीसह आपल्या हाताने पत्रात उतरून धाडली. वडिलांना तोवर स्थायी तेवढी शिकवली होती. अंतरा 'दिवाळीनंतर पाहू' म्हणाले. दिवाळीनंतर आजोबा आजारी पडले ते उठले नाहीत.

लढाई संपून काका परतले आणि त्यांनी पत्र काढून दिले. पाकीट कापून पुन्हा चिकटवलेले होते आणि अंतऱ्याच्या ओळींवर काळी शाई फासलेली होती! मुलतानीचे रे-ग-ध कोमल, मध्यम तीव्र. त्यांच्या खुणा, मात्रांचे दंड, समेचे चिन्ह हे सारे पाहून कोणा तपासनिसाला ती गुप्त लिपी वाटली असावी. स्थायीपुढे मात्र त्याची शाई का थांबली, हे त्याचे तोच जाणे. वडिलांनी ते पान आयुष्यभर कितीदा दिव्यासमोर धरले असेल! ते स्थायी गात आणि थांबत. मीही तेवढीच गातो.

त्या तपासनिसाला मी दोष देत नाही. लढाईचे दिवस होते, आणि राज्याला कान असावे लागतात. बहिर्जी नाईकांचे नाव आपण अभिमानाने घेतोच. प्रश्न एवढाच, की तो कान कोणी, कोणाच्या हुकमाने आणि किती दिवस लावावा?

या प्रश्नाचे आपल्याकडील कायदेशीर उत्तर फार जुने आहे. १८८५ च्या तार कायद्याने सार्वजनिक आणीबाणी वा सार्वजनिक सुरक्षितता या कारणांवर निरोप अडविण्याची मुभा सरकारला दिली. टपालासाठी तशीच तरतूद १८९८ च्या कायद्यात होती. इंग्रज गेले, संस्थाने विलीन झाली, आमचे बडोदे १९४९ साली मुंबई इलाख्यात गेले. ही कलमे मात्र जागची हलली नाहीत. १९८६ मध्ये संसदेने टपाल उघडण्याचे अधिकार वाढविणारे विधेयक संमत केले, तेव्हा राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही. १९८८ मध्ये टेलिफोन चोरून ऐकल्याच्या प्रकरणात कर्नाटकाचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना पद सोडावे लागले.

तार कायद्याला लगाम घातला तो सर्वोच्च न्यायालयाने, १९९६ साली. टेलिफोनवरील संभाषण हा माणसाच्या खाजगी आयुष्याचा भाग आहे. ते ऐकावयाचे तर गृहसचिवाचा लेखी हुकूम हवा, तो दोन महिन्यांपुरता, एकूण सहा महिन्यांपलीकडे नाही, असे न्यायालयाने ठरविले. पुढे २०१७ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या अर्जावर नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले, की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो हक्क प्रत्यक्षात वापरून दाखविला. लाचेच्या संशयावरून एका व्यावसायिकाचा फोन ऐकण्यात आला होता. त्यात ना सार्वजनिक आणीबाणी ना सुरक्षिततेचा प्रश्न, म्हणून न्यायालयाने ते हुकूम रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करावयास सांगितले.

आता या दोन्ही जुन्या कायद्यांच्या जागी नवे कायदे आले आहेत. २०२३ साली टपालाचा आणि दूरसंचाराचा असे दोन नवे कायदे झाले व २०२४ पासून लागू होऊ लागले. नाव बदलले, चाल बरीचशी तीच. टपाल अडवून उघडण्याचा अधिकार कायम आहे. दूरसंचाराचे नियम डिसेंबर २०२४ मध्ये आले. त्यांतही हुकूम गृहसचिवाचा, मुदत साठ दिवसांची, कमाल एकशे ऐंशी. हुकूम योग्य होता की नाही हे एक समिती पाहते. केंद्रात तिचे अध्यक्ष मंत्रिमंडळ सचिव आणि इतर सभासदही सरकारचेच सचिव. न्यायाधीश तीत कोणी नाही. आमच्या भाषेत सांगावयाचे तर गवई तोच आणि दाद देणाराही तोच! ज्याचे बोलणे ऐकले, त्याला ते मागाहूनही कळविण्याची तरतूद नाही. मग त्याने न्यायालयात जावे तरी कशाच्या आधारावर?

कोणी म्हणेल, 'बुवा, ज्याच्या मनात पाप नाही त्याला भीती कसली?' मी गाणे शिकवतो, म्हणून रियाझाचे उदाहरण देतो. पहाटे दार लावून मुलगा बसला, की तो शंभर वेळा बेसूर होतो, एखादी वेडीवाकडी तान घेऊन पाहतो आणि त्यांतूनच एक दिवस त्याला स्वर सापडतो. ओसरीवर कोणी ऐकत बसले आहे असे नुसते वाटले तरी त्याचा गळा मैफलीचा होतो. येते तेवढेच तो गातो. तो रियाझ फुकट जातो. त्या मुलाने पाप केलेले नसते. त्याला चुकण्यापुरती जागा हवी असते. पत्र आणि फोनवरचे बोलणे ही नागरिकाची तशीच जागा आहे. रागाच्या भरात काही बोलावे, सरकारला नावे ठेवावीत, दुसऱ्या दिवशी मत बदलावे, हे सारे तेथेच होते.

माझा एक जुना शिष्य सरकारी नोकरीत आहे, परगावी. रविवारी फोनवर तालीम होते. पूर्वी गाणे संपले की तो कचेरीतील कुठल्या तरी अन्यायाविषयी तळमळून बोलत असे. हल्ली म्हणतो, 'बुवा, फोनवर नको. भेटू तेव्हा सांगेन.' त्याचा फोन कोणी ऐकतही नसेल. पण अंतरा त्याने स्वतःच काळा केला! आणि आमची भेट वर्षातून एकदा होते.

कान लावण्याचा हुकूम न्यायाधीशापुढून जावा, आणि काम संपल्यावर त्या माणसाला कळवावे, एवढे दोन नियम झाले तरी पुष्कळ आहे. तपासाच्या हिताला त्याने बाध येईलसे मला वाटत नाही.

यंदाच्या दसऱ्याला धाकट्या मुलीने ते पत्र पाहिले आणि विचारले, "बाबा, इथे काय लिहिलं होतं?" मी तिला स्थायी म्हणून दाखविली. ती पुढच्या ओळीची वाट पाहत राहिली.