फाईल बंद करण्याची घाई

एस.ई.चा निकाल लागला त्या दुपारी विंगमध्ये नुसता आरडाओरडा चालला होता. एम-थ्रीमध्ये मला शंभरपैकी ३१. पासिंगला ४० हवेत. आधीचे राहिलेले विषय धरून वर्ष गेलं, म्हणजे सरळ वाय.डी.

तासाभरात माझी आरोपींची यादी तयार होती. पेपर तपासणारा. लाप्लास दोन लेक्चरमध्ये गुंडाळणारे सर. पीएलमध्ये रात्री दोन-दोनपर्यंत काउंटर स्ट्राइक खेळणारा रूममेट. आणि सगळ्यात वर बाबा. मला बी.एस्सी. करायचं होतं, त्यांनी मेकॅनिकल घ्यायला लावलं. बाबा एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. त्या संध्याकाळी फोनवर मी त्यांना म्हणालो, "हे सगळं तुमच्यामुळे झालं." ते काहीच बोलले नाहीत. त्यानंतर चार-पाच महिने मी फक्त आईशी बोलून फोन ठेवत होतो.

आपलं मन असं का वागतं यावर मानसशास्त्रात बरंच काम झालंय. ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली एका सवयीला नाव दिलं. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो आणि त्याची परिस्थिती विसरतो, अशी ती सवय. स्वतःच्या अपयशाच्या वेळी मात्र हेच उलटं होतं. रूममेटची के.टी. लागली तर तो आळशी, माझी लागली तर पेपर टफ! आणि एकदा आरोपी सापडला की डोकं निवांत होतं. फाईल बंद. खरी गोची इथेच आहे.

हे मला कळलं ते एका विमान अपघातामुळे. वाय.डी.च्या वर्षात वेळच वेळ, त्यामुळे लायब्ररीत हाताला लागेल ते वाचायचो. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ बेटावरच्या विमानतळावर दोन बोइंग ७४७ धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. केएलएमच्या कॅप्टनने टेकऑफची परवानगी मिळण्याआधीच विमान पळवलं होतं. झालं, आरोपी मिळाला! पण चौकशी तिथे थांबली नाही. शेजारच्या बेटावरच्या विमानतळावर बॉम्ब फुटल्यामुळे मोठी विमानं या छोट्या विमानतळावर वळवली होती. दाट धुकं होतं. दोन रेडिओ संदेश एकाच वेळी आल्याने ऐन मोक्याचे शब्द शिट्टीसारख्या आवाजात बुडाले. पुढचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं का, अशी शंका फ्लाइट इंजिनिअरने काढली होती, पण एवढ्या सिनिअर कॅप्टनपुढे ती टिकली नाही. पुढे बदल झाले तेही याच गोष्टींत. 'टेकऑफ' हा शब्द रेडिओवर फक्त प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, असं ठरलं. कॉकपिटमधल्या ज्युनिअरने स्पष्ट बोलावं आणि कॅप्टनने ऐकावं, याचं ट्रेनिंग सुरू झालं. नुसती कॅप्टनला शिवी घालून यातलं काहीच हाती लागलं नसतं. विमान अपघातांच्या चौकशीचा आंतरराष्ट्रीय नियमही हेच सांगतो: चौकशी पुढचे अपघात टाळण्यासाठी, दोष कुणाच्या माथी मारण्यासाठी नाही.

मग मी माझी फाईल पुन्हा उघडली. उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मी आधीच मागवली होती, तपासणाऱ्याविरुद्ध पुरावा म्हणून! आता ती नीट पाहिली. मी सोडवलेले प्रश्न होते फक्त ५८ मार्कांचे. म्हणजे ४२ मार्कांना मी हातच लावला नव्हता. 'मग मीच नालायक' असं म्हणणं सोपं होतं, पण तीही फाईल बंद करण्याचीच घाई, फक्त आरोपी बदलला. लाप्लास का सोडला? इन्व्हर्स काढताना पार्शल फ्रॅक्शन लागतात आणि ते मला बारावीपासूनच नीट येत नव्हते. विचारायची लाज वाटायची. शेवटी दोन संध्याकाळ बसून मला ते शिकवले कुणी, तर त्याच काउंटर स्ट्राइकवाल्याने.

याचा अर्थ कुणाचीच चूक नसते, असं मी म्हणत नाही. कुणी रॅगिंग केलं तर तक्रारच करायची. आणि बाबांनी मला विचारायला हवं होतं, हे माझं मत आजही कायम आहे.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा मात्र मी आरोप न करता नुसतं विचारलं, "बाबा, मेकॅनिकलच का हो?" ते फराळाच्या ताटाकडे बघत म्हणाले, "अरे, वर्कशॉपमध्ये इंजिनिअर साहेब यायचे ना, त्यांच्या हाताला ग्रीस नसायचं. मला त्यापलीकडे काय माहीत होतं?" बराच वेळ आम्ही दोघं तसेच बसलो.

एम-थ्री पुढच्या परीक्षेत सुटला, ४७ मार्कांनी. आता रविवारी फोन बाबाच आधी घेतात. बहुतेक वेळा ब्रेकडाऊन झालेल्या गाड्यांबद्दलच बोलत राहतात.