मोटारी धुणारे हात ते निवड समितीचे सदस्यत्व : चित्रकार कृ. हौ. आरा यांची वाटचाल

डॉक्टरला वैद्यक परिषदेची नोंदणी लागते आणि वकिलाला सनद. चित्रकाराला मात्र सनद देणारी कोणतीही यंत्रणा आपल्या देशात नाही. कलाशाळेची पदविका हाती असली, तर तिच्या आधारे शिक्षकाची नोकरी मिळू शकते. परंतु तेवढ्याने कोणी चित्रकार ठरत नाही. उलट, पदविका नसलेल्या माणसाला चित्रकार मानावे की नाही, हे ठरविण्याची कोणतीही लिखित नियमावली अस्तित्वात नाही. मग घरी बसून, कोणत्याही गुरूविना रंग हाताळणाऱ्या व्यक्तीला कलाजगत आपल्यापैकी एक मानू लागते, ते नेमके कोणत्या क्षणी आणि कशाच्या बळावर?

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर कृष्णाजी हौलाजी आरा यांच्या जीवनात सापडते. मकबूल फिदा हुसेन, सय्यद हैदर रझा आणि फ्रान्सिस न्यूटन सूझा ही नावे आज सर्वपरिचित आहेत. त्यांच्यासमवेत १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची स्थापना करणाऱ्या सहा जणांपैकी आरा हे एक होते. सामान्य वाचकाला त्यांचे नाव तुलनेने कमी ठाऊक आहे.

आरा यांचा जन्म १९१४ साली सिकंदराबादजवळील बोलारम येथे झाला. बालपणीच आईचे छत्र हरपले, वडिलांनी दुसरा विवाह केला आणि वयाच्या अवघ्या सातव्या वर्षी हा मुलगा घर सोडून मुंबईला आला. मुंबईत त्याने मोटारी धुतल्या, लोकांच्या घरी घरकामाची चाकरी केली. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात भाग घेतल्याबद्दल त्यांनी तुरुंगवासही भोगला; त्या वेळी त्यांचे वय जेमतेम सोळा वर्षांचे होते. पुढे एका जपानी व्यापारी संस्थेत मोटारी स्वच्छ करण्याचे काम त्यांना मिळाले. या सर्व काळात चित्रे काढण्याचा छंद सुटला नव्हता. कलाशिक्षणासाठी लागणारा पैसा नव्हता, वेळ नव्हता, आणि सर ज. जी. कला महाविद्यालयाची पायरी चढण्याचा तर प्रश्नच उद्भवत नव्हता.

येथे एका शब्दाविषयी खुलासा करणे आवश्यक वाटते. ‘स्वयंशिक्षित’ असे म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर एकलव्य उभा राहतो : अरण्यात एकटाच साधना करणारा, मातीच्या पुतळ्याला गुरू मानणारा. चित्रकलेच्या बाबतीत ही प्रतिमा बरीच दिशाभूल करणारी आहे. चित्र एकांतात काढता येते, परंतु ते कोणीतरी पाहावे लागते. स्वयंशिक्षित चित्रकाराला अभ्यासक्रम मिळत नाही, त्याहून मोठी उणीव ही, की त्याला सहाध्यायी मिळत नाहीत, त्याच्या कामावर बोट ठेवणारे शिक्षक मिळत नाहीत, आणि पुढे त्याच्या नावाची शिफारस करतील असे परिचितही मिळत नाहीत. कलाशाळा या तिन्ही गोष्टी पदविकेसोबत आपोआप देऊन जाते.

आरा यांची ही उणीव भरून काढली ती मुंबईत आलेल्या काही परदेशी व्यक्तींनी. रुडॉल्फ फॉन लायडन हे जर्मन गृहस्थ १९३३ साली भारतात आले. शिक्षणाने ते भूगर्भशास्त्रज्ञ होते, पण त्यांची ओळख झाली ती ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे कलासमीक्षक म्हणून. व्हिएन्नातील चित्रकार वॉल्टर लँगहॅमर नाझी राजवटीमुळे देश सोडून १९३८ साली मुंबईत आले आणि त्याच वृत्तपत्राचे कलासंचालक झाले. व्हिएन्नाहूनच आलेले उद्योजक इमॅन्युएल श्लेसिंगर यांनी नव्या चित्रकारांची चित्रे विकत घेण्यास प्रारंभ केला. समीक्षक, मार्गदर्शक आणि ग्राहक अशी ही तिहेरी साथ होती. फॉन लायडन यांनी आरा यांची चित्रे पाहिली, त्यांना प्रोत्साहन दिले. लँगहॅमर यांच्या घरी भरणाऱ्या बैठकांत तरुण चित्रकारांना युरोपातील आधुनिक चित्रांच्या प्रतिकृती पाहावयास मिळत आणि त्यांवर चर्चा होत असे. घरकाम करणारा एक तरुण त्या चर्चेत बरोबरीने बसू शकत होता, ही गोष्ट त्या काळच्या मुंबईच्या दृष्टीने लहान नव्हे.

१९४२ साली आरा यांचे पहिले एकल प्रदर्शन मुंबईत झाले. एकल प्रदर्शन म्हणजे केवळ चित्रे भिंतीवर टांगणे नव्हे. वृत्तपत्राला त्यावर लिहिण्यासाठी निमित्त मिळते, ग्राहकाला किंमत विचारण्यासाठी जागा मिळते, आणि एकाच हातून उतरलेली वीस-तीस चित्रे शेजारी शेजारी लागल्याने ‘हा चित्रकार कोण’ या प्रश्नाला काही आकार येतो. सुट्या चित्राने हे साधत नाही. त्यानंतर दोन वर्षांनी, १९४४ साली, मराठ्यांच्या लढाईवरील चित्राबद्दल आरा यांना बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनात गव्हर्नरचे पारितोषिक मिळाले.

बॉम्बे आर्ट सोसायटी ही १८८८ साली स्थापन झालेली संस्था. आरंभीच्या काळात तिच्यावर युरोपीय अधिकारी व हौशी कलावंतांचा प्रभाव होता. कालांतराने भारतीय चित्रकारांचे प्रमाण वाढत गेले. १९१८ साली स्थापन झालेली आर्ट सोसायटी ऑफ इंडिया ही मुंबईतील दुसरी मोठी संस्था. अशा संस्थांच्या वार्षिक प्रदर्शनाची पद्धत सर्वसाधारणपणे एकसारखी असते. प्रवेशिका मागविल्या जातात. निवड समिती आलेल्या कलाकृतींतून प्रदर्शनासाठी योग्य वाटतील त्या निवडते. निवडलेल्यांतून परीक्षक पारितोषिके ठरवितात. स्वयंशिक्षित चित्रकारासाठी यातील कळीची बाब अशी, की प्रवेशिकेसोबत पदविका जोडावी लागत नाही. समितीपुढे चित्र असते. म्हणूनच वार्षिक प्रदर्शन हे बाहेरच्या माणसासाठी कलाजगताचे सर्वांत मोकळे दार ठरत आले आहे. अमृता शेरगिल यांनाही १९३७ साली याच संस्थेचे सुवर्णपदक मिळाले होते. त्या अर्थातच पॅरिसमध्ये रीतसर शिकलेल्या होत्या.

तथापि, मोकळे दारही बंद होऊ शकते. देश स्वतंत्र झाल्यावर आरा यांनी स्वातंत्र्याच्या मिरवणुकीचे एक भव्य चित्र रंगविले. हे चित्र बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनासाठी नाकारण्यात आले आणि त्यामुळे संतापलेल्या सूझांनी वेगळा गट काढण्याचे मनावर घेतले, असे या गटाच्या जन्माविषयी सांगितले जाते. एखाद्या कलागटाच्या स्थापनेमागे एकच कारण असते, असे मानण्याचे कारण नाही; ठरीव पद्धतीच्या निसर्गचित्रांना आणि पुनरुज्जीवनवादी शैलीला हे तरुण आधीपासूनच कंटाळलेले होते. परंतु नकाराचे निमित्त झाले ते आरा यांचे चित्र, ही बाब लक्षणीय आहे. ज्या संस्थेने तीन वर्षांपूर्वी पारितोषिक दिले, त्याच संस्थेच्या दारी ही वेळ यावी, यावरून बाहेरून आलेल्या कलावंताची मान्यता किती ठिसूळ असते, हे लक्षात येते. पारितोषिक त्या वर्षापुरते असते. पुढच्या वर्षी पुन्हा रांगेत उभे राहावे लागते.

प्रोग्रेसिव्ह ग्रुपची घडण पाहिली, तर ती आजही आश्चर्य वाटावे अशी आहे. सूझा मूळचे गोव्याचे. १९४२ च्या चळवळीतील सहभागानंतर त्यांना कला महाविद्यालयातून काढून टाकण्यात आले होते. पंढरपूर येथे जन्मलेले हुसेन सिनेमाची प्रचंड जाहिरातफलके रंगवून चरितार्थ चालवीत होते. हरी अंबादास गाडे हे विदर्भातील विज्ञानाचे पदवीधर. मध्य प्रांतातून आलेले रझा आणि शिल्पकार सदानंद बाक्रे यांचे शिक्षण रीतसर झाले होते. अशा मंडळींत आरा हे वेगळे दिसत नव्हते. गटाचे सदस्यत्व हीच त्यांची ओळख झाली, आणि ती कोणत्याही निवड समितीच्या कृपेवर अवलंबून नव्हती. गटाचे मुंबईतील पहिले प्रदर्शन जुलै १९४९ मध्ये भरले व त्याचे उद्घाटन लेखक मुल्कराज आनंद यांनी केले. १९५० साली कोलकात्याच्या कलकत्ता ग्रुपसमवेत संयुक्त प्रदर्शनही झाले.

गट मात्र फार काळ टिकला नाही. सूझा १९४९ मध्ये लंडनला गेले, रझा पुढच्या वर्षी पॅरिसला गेले, त्यानंतर बाक्रेही इंग्लंडला रवाना झाले. १९५६ पर्यंत गटाचे अस्तित्व संपुष्टात आले. आरा मुंबईतच राहिले. १९५२ साली त्यांच्या ‘टू जग्ज’ या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. मिरवणुकीच्या भव्य चित्रानंतर दोन सुरयांच्या साध्या चित्राने हे पदक मिळवून द्यावे, यात काहीसा विनोद आहे. त्याच वर्षी मुंबईत जहांगीर कलादालन सुरू झाले आणि तोवर उपाहारगृहांत, संस्थांच्या सभागृहांत भरणारी चित्रप्रदर्शने एका हक्काच्या वास्तूत भरू लागली.

आरा यांच्या चित्रांविषयी थोडे. त्यांचा आवडता विषय फुले, फळे, भांडी असा घरगुती. या प्रकाराला मराठीत ‘स्थिरचित्र’ म्हणतात. भाषांतराच्या व्यवसायात असल्याने या शब्दाशी वारंवार गाठ पडते आणि दर वेळी तो अपुरा वाटतो, कारण आरा यांच्या फुलदाणीतील फुले मुळीच स्थिर नसतात. ती चौकटीच्या बाहेर झेपावू पाहतात. जलरंग आणि अपारदर्शक रंग ते इतके दाट लावीत, की प्रथमदर्शनी तैलरंगाचा भास व्हावा. जलरंग पातळ आणि पारदर्शक असावा, हा कलाशाळेतील पहिला धडा. तो धडा कोणी दिलाच नव्हता, त्यामुळे तो मोडण्याचे धाडसही करावे लागले नाही. पुढे तैलरंगातील त्यांच्या स्थिरचित्रांवर फ्रेंच चित्रकार सेझान यांची छाया दिसते. स्त्रीदेहाचे नग्नचित्रण हा त्यांचा दुसरा महत्त्वाचा विषय. १९६३ साली त्यांनी प्रदर्शित केलेली कृष्णवर्णी नग्न स्त्रियांची चित्रमालिका विशेष चर्चिली गेली. आधुनिक भारतीय चित्रकारांत हा विषय इतक्या सातत्याने हाताळणारे ते अग्रणी मानले जातात. त्या आकृत्यांत शरीरशास्त्राचा काटेकोरपणा शोधणाऱ्याची निराशा होईल. जाड, ठसठशीत रेषा आणि देहाचे वजन यांवर चित्रकाराचे लक्ष आहे.

सदस्यत्वाच्या प्रश्नाकडे वळू. एखाद्या कलासंस्थेचे साधारण सदस्यत्व वर्गणी भरून मिळू शकते. त्याला फारसे वजन नसते. वजन येते ते व्यवस्थापकीय समितीवर निवडून येण्याला आणि त्याहूनही अधिक निवड समितीवर बोलावले जाण्याला, कारण तेथे इतरांच्या चित्रांवर निर्णय द्यायचा असतो. आरा हे बॉम्बे आर्ट सोसायटीच्या व्यवस्थापकीय समितीचे सदस्य झाले. १९५४ साली नवी दिल्ली येथे स्थापन झालेल्या ललित कला अकादमीच्या निवड व परीक्षण समित्यांवरही त्यांनी काम केले आणि अकादमीने त्यांना फेलोशिप देऊन गौरविले. ‘फेलोशिप’ या शब्दाने अनेकांचा गोंधळ होतो. विद्यापीठात मिळणारी अधिछात्रवृत्ती ही शिकण्यासाठी दिलेली मदत असते. अकादमीची फेलोशिप हा ज्येष्ठ कलावंताला दिला जाणारा सन्मान आहे. जो माणूस कधी विद्यार्थी म्हणून कोणत्या कला महाविद्यालयाच्या पटावर नव्हता, तो देशभरातील पदविकाधारकांच्या कलाकृतींचे परीक्षण करीत होता.

हा मार्ग सर्वच स्वयंशिक्षितांचा नाही, हेही नमूद करावयास हवे. रवींद्रनाथ ठाकूर यांनी साठीनंतर चित्रे गांभीर्याने हाती घेतली आणि १९३० साली पॅरिसमध्ये त्यांचे पहिले प्रदर्शन झाले, तेव्हा त्यांच्या पाठीशी नोबेल पारितोषिकाची कीर्ती होती. तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांची चित्रे भास्कर कुलकर्णी यांच्यामुळे शहरी कलादालनापर्यंत पोहोचली; त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. भोपाळ येथे भारत भवनाच्या बांधकामावर मजुरी करणाऱ्या भिल्ल चित्रकार भुरीबाई यांना जगदीश स्वामीनाथन यांनी कागद-रंग दिले, आणि २०२१ साली त्याही पद्मश्रीच्या मानकरी ठरल्या. या दोघांना मात्र ‘स्वयंशिक्षित’ म्हणणे काटेकोर अर्थाने चूक आहे. त्यांची शाळा त्यांच्या समाजाच्या भिंतींवर आधीच भरलेली होती. आरा यांना तीही नव्हती.

उत्तरायुष्यात आरा यांचा बराचसा वेळ काळा घोडा परिसरातील आर्टिस्ट्स सेंटरच्या कामात गेला. या संस्थेचे ते अखेरपर्यंत सचिव होते. दालनाचे भाडे न परवडणाऱ्या नव्या चित्रकारांना प्रदर्शनासाठी जागा मिळावी, हा या केंद्राचा मुख्य उपयोग. परदेशी गेलेल्या सहकाऱ्यांच्या चित्रांना जगाच्या बाजारात मोठी किंमत येऊ लागली, त्या काळात आरा मुंबईतल्या आपल्या लहानशा खोलीत राहत होते, फुले रंगवीत होते आणि नवख्यांच्या प्रदर्शनांच्या तारखा लावून देत होते. त्यांच्यापुढे चित्रांची गुंडाळी घेऊन येणाऱ्या तरुणांत पदविका असलेले होते, नसलेलेही होते. आरा यांचे निधन ३० जून १९८५ रोजी मुंबईत झाले.